पडून राहिलेल्या शोभाताई

गांधीबागेत शोभाताईंच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेलेली बाई नुसतं अस्तर घेऊन बाहेर आली, असं कधी घडायचं नाही. मोरपंखी अस्तर मागितलं की शोभाताई ठाण उलगडायच्या, मीटरपट्टी लावायच्या आणि कापड मोजता मोजता उजव्या हाताचं मधलं बोट गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायच्या. "हे बोट पाहून ठेवा बाई. या बोटानं आमी मुंबईले हरवलं होतं." नवीन बाई दचकायची. जुनी बाई मुकाट्याने स्टूल ओढून बसायची, कारण आता गोष्ट पुरी झाल्याशिवाय कात्री चालणार नाही हे तिला ठाऊक असायचं.

गोष्ट कबड्डीची होती. शोभाताई कुही गावच्या. बापाची धानाची शेती, आणि शाळेत एक पी.टी.चे मास्तर होते, त्यांना पोरींची कबड्डीची टीम करायचं खूळ होतं. त्या टीमनं एका वर्षी असा काही दम धरला, की तालुका, जिल्हा, विभाग सगळं मारत थेट राज्याच्या फायनलला जाऊन पोचली. समोर मुंबईचा संघ. त्या पोरींच्या पायात बूट, आमच्या पोरींच्या पायात भेगा. गुण बरोबरीत आणि शेवटची रेड शोभाची. तिनं एकीला शिवलं आणि बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. एकीनं घोटा धरला, एकीनं कंबर, एकीनं वेणी, आणि चौथीला धरायला काही उरलं नाही म्हणून ती पाठीवरच बसली. शोभा कोसळली, पण कोसळता कोसळता तिनं हात लांब टाकला आणि मधलं बोट मधल्या रेषेला लागलं. धरलेल्या खेळाडूचा हात रेषेला लागला की धरणाऱ्या सगळ्या बाद, हा कबड्डीचा कायदा. रेष चुन्याची होती. पंचानं बोट उचलून पाहिलं, त्याला चुना दिसला, त्यानं शिट्टी मारली.

एवढीच गोष्ट. पण शोभाताईंचं अख्खं आयुष्य त्या बोटावर उभं होतं. कबड्डी लग्नानंतर सुटली, कुही सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी गांधीबागेत त्यांना जो मान होता तो अस्तराच्या दुकानदारणीचा नव्हता. भाजीवाला त्यांना 'च्याम्पियन बाई' म्हणायचा. गणपतीच्या मंडळात पोरींच्या संगीत खुर्चीचं उद्घाटनही त्यांच्याच हातून व्हायचं. दरवर्षी अंगावर पडलेल्या पोरींची वजनं तेवढी थोडी थोडी वाढत गेली, पण त्याला कोणाची हरकत नव्हती. नवरा, बाबाराव, हा शांत माणूस. ते शांत होते कारण घरात बोलायला जागाच शिल्लक नसायची. त्यांनी ती मॅच पाहिली नव्हती, तेव्हा लग्नही व्हायचं होतं. पण ऐकून ऐकून त्यांची अशी गत झाली होती की तेही "आमी जिंकलो तवा" असं म्हणायला लागले होते.

अशात एक दिवस बातमी आली की त्या टीमवर पिक्चर निघून राहिला आहे.

खरं तर पिक्चर निघत होता मायावर. माया म्हणजे टीमची कॅप्टन. मॅचनंतर तिला रेल्वेत नोकरी लागली, ती पुण्याला गेली, पुढे बरीच वर्षं खेळली, पोरींना शिकवलं, हार घेतले, शाली घेतल्या. सिनेमाला हिरॉइन लागते, ती माया. शोभाताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. हिरॉइन कोणीही असो, बोट तर आपलंच, असा त्यांचा हिशेब होता. पिक्चरचं नाव इंग्रजीत होतं आणि ते जिभेवर बसेना, म्हणून त्या त्याला सरळ 'माहावाला पिक्चर', म्हणजे माझा पिक्चर, म्हणायला लागल्या.

पिक्चर लिहिणारा मुलगा पुण्याहून आला. नाव गौरांग. अंगात खादीचा झब्बा, डोळ्यांवर गोल चष्मा आणि स्वभाव एवढा गरीब की चहा घेता का विचारलं तर "चालेल" म्हणायचा. घेतो म्हणायचं की नाही म्हणायचं, मध्येच हे चालेल काय, हे शोभाताईंना कळेना. त्यांनी चहा दिला, वर पोहे दिले, पोह्यांवर तर्री ओतली आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलेलं असतानाच गोष्ट सुरू केली.

"का सांगू गा तुले," त्या म्हणाल्या, "मी पडून राहिली होती. थ्या मले ओढून राहिल्या होत्या. अन् पंच नुसता पाहून राहिला होता!"

गौरांगने चष्मा काढून पुसला. "बाप रे," तो हळू आवाजात म्हणाला. "किती सोसलंत तुम्ही."

शोभाताईंना वाटलं, पुण्याची माणसं हळवी असतात. त्या पुढे बोटावर येणार, तेवढ्यात लग्नाच्या बस्त्याची एक पलटण दुकानात शिरली आणि त्यांना डाळिंबी की मरून या वादात न्यायनिवाडा करायला उठावं लागलं. त्या गठ्ठ्यांमागून ओरडल्या, "मंग का, लागला हात, जिंकलो आमी!" गौरांगने तेही लिहून घेतलं, पाया पडला आणि निघून गेला.

पिक्चर लागला तेव्हा शोभाताईंनी सदर नावाच्या वस्तीतल्या टॉकीजमध्ये दोन रांगा भरवल्या. सूनबाई श्वेताने तिकिटं काढली. शेजारच्या यमुताईंना मुद्दाम आपल्या बाजूची खुर्ची दिली, कारण इतक्या वर्षांत गल्लीत एकट्या यमुताईंनीच बोटाच्या गोष्टीवर कधी तोंड उघडून 'अरे वा' म्हटलं नव्हतं. शोभाताईंनी जरीकाठाची साडी नेसली होती. दिवे गेले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'सत्य घटनेवर आधारित'. शोभाताईंनी यमुताईंना कोपर मारलं. "वाचलं का? सत्य."

पहिला अर्धा भाग झकास गेला. कुही म्हणून जे गाव दाखवलं होतं तिथे मागे डोंगर होता. कुहीला डोंगर कुठून आला, असं बाबारावांनी विचारलं तर त्यांना गप्प बसवण्यात आलं. शोभाचं काम करणारी पोरगी काडीसारखी होती आणि गालांना चिखल असा नेमका लावला होता की जणू ब्यूटी पार्लरमधूनच लावून आणला असावा. शोभाताईंनी तेही गोड मानून घेतलं. "लहानपनी मी बारीकच होती," त्या म्हणाल्या. हे बाबारावांना नवीन होतं.

मग फायनल आली. काडीसारखी शोभा रेडला गेली. मुंबईच्या पोरींनी तिला धरलं, खाली पाडलं. संगीत बंद झालं. शोभाताई खुर्चीच्या टोकावर आल्या आणि मधलं बोट नकळत ताठ झालं. पण पडद्यावरची शोभा हललीच नाही. ती तोंड मातीत घालून पडून राहिली. त्या तिला ओढत राहिल्या, पंच पाहत राहिला, आणि ती आपली पडलेली. सनई का सारंगी असं काहीतरी रडकं वाजायला लागलं. तिचा डोळा उघडा, त्यातून एक थेंब मातीत. आणि मग टीमची कॅप्टन, माया, केस मोकळे सोडून पुढे आली, तिनं पडलेल्या शोभाकडे एक नजर टाकली, आणि शेवटची रेड स्वतः मारली. चार जणींना अंगावर घेऊन, कोसळत, हात लांब टाकून, बोट रेषेला. बोटाला चुना.

"अवं, हे माया तं बाहेर बसली होती!" शोभाताई ओरडल्या. "हे माहं बोट आहे!"

पण तोवर टॉकीज उभी राहिली होती. टाळ्या, शिट्ट्या, पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी उडवली. आणि शोभाताईंच्या स्वतःच्या डाव्या बाजूला, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत, तोंडात दोन बोटं घालून सगळ्यात मोठी शिट्टी मारणारा माणूस होता बाबाराव.

दिवे लागले. यमुताई पदर सावरत उठल्या. "चांगला होता पिक्चर," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "पन शोभाताई, तुमी तं येगळंच सांगत होत्या."

त्या दिवशी घरी स्वयंपाक झाला नाही. बाबारावांनी परोपरीने समजावलं की आपण मायासाठी नाही, कुहीसाठी शिट्टी मारली. त्यांना रात्री चिवडा खाऊन झोपावं लागलं.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. पिक्चर तुफान चालला, आणि मॅचिंग सेंटरला कधी नव्हती एवढी गर्दी झाली. बायका अस्तर मागायच्या, मग एकमेकींना डोळ्यांनी खुणा करायच्या, आणि शेवटी एखादी धीट बाई कनवाळू आवाजात विचारायची, "त्या पडलेल्या तुमीच का हो ताई?" एका पोरीनं तर शोभाताईंचा हात हातात घेऊन सांगितलं की हरणं ही लाजेची गोष्ट नसते. शोभाताईंनी तिला दिलेल्या अस्तराचा रंग पहिल्याच धुण्यात जाणार होता, आणि ते त्यांना माहीत होतं. भाजीवाला 'च्याम्पियन बाई' म्हणायचा तो नुसतं 'बाई' म्हणायला लागला. यमुताईंनी गल्लीत पसरवलं की आपल्याला पहिल्यापासूनच संशय होता, पण बोलणार कोण.

शोभाताई चिडल्या, भांडल्या, पिक्चरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "तवा माह्या बोटाले चुना लागला होता," त्या म्हणायच्या, "आता या पोट्ट्यानं मले पुरीच चुना लावला!" पण साक्षीला कोण उभं करायचं? मास्तर गेले. पंच गेला. टीममधल्या बाकीच्या पोरी कुठे कुठे सासरी पांगल्या. फोटो काढायला तेव्हा टीमकडे कॅमेरा नव्हता. उरली एकटी माया, आणि मायाने तर पिक्चरभर हार घालून घेतले होते. मायानेच पोराला खोटं सांगितलं असणार, हे शोभाताईंच्या डोक्यात बसलं ते निघेना.

मग एके दुपारी, गिऱ्हाईक नसताना, बाबाराव ठाणं रचत रचत खाली मान घालून म्हणाले, "अवं, एक विचारू? रागावजो नको. खरंच लागला होता का हात?"

शोभाताईंनी हातातली मीटरपट्टी खाली ठेवली. त्या उठून मागच्या खोलीत गेल्या आणि अस्तराच्या गठ्ठ्यावर बसून रडल्या. यमुताईंचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण ज्या माणसानं तीच गोष्ट पानात वाढल्यासारखी रोज मुकाट्याने खाल्ली, त्याच्या तोंडून 'खरंच का' निघालं, हे त्यांना सोसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोष्ट सांगणं बंद केलं. अस्तर मागितलं की त्या अस्तर देऊ लागल्या. जुनी गिऱ्हाइकं स्टूलावर बसून वाट पाहायची आणि तशीच उठून जायची.

अशात सदरला एका सभागृहात पिक्चरच्या यशाचा सोहळा ठरला. माया पुण्याहून येणार, गौरांग येणार, आणि कुहीच्या जुन्या खेळाडू म्हणून शोभाताईंनाही निमंत्रण. "मी नाही जात," शोभाताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जाते. त्या मायेच्या झिंज्या उपटाले जाते." श्वेता म्हणाली, "आई, मी पण येते." ती साताऱ्याची, आणि सासूला भर सभेत एकटी सोडण्याची तिची तयारी नव्हती.

मंचाच्या मागे एका खोलीत चहावाला पाहुण्यांसाठी चहा-पोहे मांडत होता. गौरांग शोभाताईंना पाहून धावत आला आणि पुन्हा पाया पडला.

"ऊठ गा," शोभाताई म्हणाल्या. "आधी सांग, मी तुह्या बापाचं का खाल्लं होतं? मले काहून मातीत लोळवलं?"

गौरांगचा चेहरा पडला. "ताई, पण तुम्हीच सांगितलंत. तुम्ही म्हणालात, मी पडून राहिले होते."

"हाव. पडूनच राहिली होती."

"मग आम्ही तेच दाखवलं."

"तुमी मले निजलेली दाखवली! मी का निजून राहिली होती?"

"निजून नाही, ताई. पडून."

"हाव, पडून!"

"तेच तर दाखवलं!"

गौरांगला घाम फुटला होता. "आणि मी एकट्या तुमच्या शब्दावर नाही गेलो," तो म्हणाला. "मी मायाताईंना फोन करून विचारलं होतं. शोभाताई पडून राहिल्या होत्या, खरं का? त्या हो म्हणाल्या."

कोपऱ्यात खुर्चीवर माया बसली होती. केस पांढरे, इस्त्रीची साडी, पायात मात्र अजून खेळाडूचे बूट. ती म्हणाली, "मंग? मी खोटं बोलली का? पडून राहिली होती म्हनून मी हाव म्हटलं." पुण्यात इतकी वर्षं काढूनही कुहीचा विषय निघाला की तिच्या तोंडात कुहीच यायची.

"पाह्य, पाह्य कशी बोलते तोंड वर करून!" शोभाताई बाह्या सरसावायला लागल्या. झब्ब्याला बाह्या असतात, ब्लाउजला तेवढ्या नसतात, तरी त्यांनी सरसावल्या.

आणि इथे श्वेताने कपाळावर हात मारला. "थांबा, थांबा," ती म्हणाली. "सर, माझं लग्न ठरलं ना, तेव्हा आईंनी आमच्या घरी फोन केला होता, 'आमी येऊन राहिलो.' माझ्या आईने चार गाद्या काढून ठेवल्या, उशांना नवे अभ्रे घातले. हे लोक आले, चहा प्यायले आणि निघून गेले. इकडे 'येऊन राहिलो' म्हणजे येतोय. 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतोय. आई 'पडून राहिली होती' म्हणाल्या म्हणजे..."

"पडत होत्या?" गौरांग खुर्चीत बसला. "म्हणजे तेव्हा तुम्ही फॉल होत होता?"

"फॉल साडीले लागते," शोभाताई म्हणाल्या. "मी पडून राहिली होती."

गौरांगने डोळे मिटले आणि तिघांना ऐकू जाईल असं पुटपुटला, "मी पडत होते. त्या मला ओढत होत्या. पंच पाहत होता." मग केविलवाण्या आवाजात म्हणाला, "यात तर काहीच दुःख नाहीये हो."

"दुःख तं तुह्या पिक्चरात आहे," शोभाताई म्हणाल्या. पण आता त्यांना हसू फुटायला लागलं होतं, श्वेता तर भिंतीला टेकून हसत होती, आणि चहावाला पोहे सांडेपर्यंत हसला. गौरांगने सांगितलं की हात लागला एवढंच त्याने लिहून घेतलं होतं, कोणाचा हे विचारायचं राहिलं. पडलेल्या बाईचा हात कसा लागेल, तेव्हा तो कॅप्टनचा असणार, असं त्याने धरलं, आणि शेवटची रेड म्हणून एक जादा रेड घातली. सिनेमात तेवढी मुभा असते म्हणाला. तो कान पकडून माफी मागत होता, तेवढ्यात त्याला कोणीतरी माइक तपासायला बोलावून नेलं. चहावाला झाडू आणायला गेला आणि श्वेता बाहेर सभागृहात बसलेल्या बाबारावांना बघायला गेली.

खोलीत दोघीच राहिल्या. शोभाताईंनी डोळे पुसले. एवढ्याशा शब्दावर आपण मायाला इतक्या शिव्या दिल्या, या विचारानं त्या थोड्या ओशाळल्याही होत्या. मायाजवळ खुर्ची ओढत त्या सहज म्हणाल्या, "पन माये, पिक्चर तं तुले पयलेच दाखवला असंन ना यायनं?"

माया बुटांच्या नाड्यांकडे पाहत होती. "दाखवला," ती म्हणाली.

"पुरा?"

"पुरा."

शोभाताईंचं हसू गेलं. "मंग तवा काहून नाही बोलली?"

मायाने एका बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "पडद्यावर ती पोरगी माह्या नावानं पळाली," ती म्हणाली. "अंगावर चार जनी घेतल्या अन् बोट टेकवलं. शोभे, मी खुर्चीतून उभी राहिली. त्या दिवशी आमी साऱ्याजनी बाद होऊन बाहेर बसलो होतो अन् आत तू एकटी. मी कॅप्टन, अन् माह्या हातात काही नव्हतं. जिंदगीत मी इतक्या मॅच जिंकल्या, पन मले सपन पडते ते त्याच मॅचचं, अन् सपनात मी आत असते. त्या पोट्ट्यानं न मागता थे मले देऊन टाकलं. मी चूप बसली. वापस द्याले मन नाही झालं."

शोभाताईंना मायाचा राग आला, अगदी पायापासून आला. गैरसमज परवडला होता. गैरसमजाला हसता येतं. आणि त्याच वेळी मायाची कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

"आता बलावतीन," माया म्हणाली. "तू सांगून टाक सगळं. मी काही म्हननार नाही."

"मी सांगून का होते?" शोभाताई म्हणाल्या. "मी तं जिंदगीभर सांगूनच राहिली. आता माहा नवराबी खरंच का म्हनून विचारते. पाहनारी तू एकटी उरली. सांगाचं तं तू सांग, नाही तं राहू दे."

त्या उठून बाहेर गेल्या आणि प्रेक्षकांत बाबारावांच्या शेजारी जाऊन बसल्या. मागच्या रांगेत यमुताई होत्या. पास फुकट होता.

सभागृह गच्च भरलं होतं. मंचावर हार झाले, शाली झाल्या, दीप तीनदा विझला आणि तीनदा पेटवला गेला. सूत्रसंचालनाला रितिका नावाची एक चटपटीत मुलगी होती. तिने मायाला खुर्चीतून उठवून पुढे आणलं, हातात माइक दिला आणि आवाज हळवा करून विचारलं, "मायाताई, ती शेवटची रेड. चार जणी अंगावर आणि तुमचं बोट त्या रेषेला लागलं. त्या क्षणी काय वाटलं हो तुम्हाला?"

टाळ्या पडल्या. मायाने माइक तोंडाजवळ नेला आणि खाली घेतला. पुन्हा नेला. शोभाताईंनी साडीचा काठ मुठीत धरला. रितिका हसून म्हणाली, "ताई भावुक झाल्यात," आणि आणखी टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत माया तशीच उभी होती.

"मले का विचारता?" ती म्हणाली. पुण्याची मराठी तिनं कुठे टाकून दिली कोण जाणे. "मी बाहेर बसली होती. थे रेड शोभीची. बोट शोभीचं. मी माह्या डोयानं पाह्यलं, चुना लागला होता बोटाले. पिक्चरात चुकलं, अन् मले मालूम असून मी चूप राहिली. थे तिथं बसली आहे. तिले विचारा."

एवढं बोलून तिने माइक रितिकाच्या हातात दिला आणि जाऊन खुर्चीवर बसली. सभागृहाला काही कळेना. मग बाबाराव उठून उभे राहिले. त्यांनी शिट्टी मारली नाही. ते नुसते शोभाताईंकडे तोंड करून, डोकं हलवत, टाळ्या वाजवत राहिले. ते बघून सगळे उभे राहिले. यमुताईही उठल्या, कारण एकटीनं बसून राहणं बरं दिसलं नसतं.

शोभाताईंना मंचावर नेलं. गुडघ्यांमुळे तीन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. हवं होतं ते मिळालं होतं. इतक्या लोकांसमोर, नवऱ्यासमोर, माइकवरून मिळालं होतं. आता गोष्ट सांगायची, घोट्यापासून बोटापर्यंत, सगळी. त्यांनी माइक घेतला आणि सवयीनं मधलं बोट वर केलं. तेवढ्यात त्यांची नजर बाजूच्या खुर्चीवर गेली. माया हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून बसली होती. बाद झालेली खेळाडू बसते तशी. एवढ्या हारांमध्ये इतकं एकटं माणूस शोभाताईंनी पाहिलं नव्हतं. बोट आपोआप खाली आलं.

"हिचं ऐकलं ना साऱ्यायनं?" त्या म्हणाल्या. "यमुताई, तुमी बी ऐकलं? बरं झालं. आता माहं ऐका. मी कोपऱ्यातली खेळाडू. समोरून आलेलीचा पाय धराचा, एवढंच काम मले येत होतं. त्या दिवसापर्यंत मास्तरनं मले कधी रेडले पाठवलं नव्हतं, अन् त्याच्यानंतरबी कधी नाही पाठवलं. साऱ्याजनी बाहेर झाल्या, आत मीच उरली, म्हनून गेली. मले तं परत पळून याचं होतं, थे बी जमलं नाही, म्हनून पडली." सभागृह हसलं. त्या मायाकडे वळल्या. "माये, खरं सांगजो. तू आत असती, तं मले रेडले पाठवलं असतं का वं?"

माया खुर्चीतून उठली. तिच्याकडे माइक नव्हता, पण कॅप्टनचा आवाज होता, तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"अजिबात नसतं पाठवलं!"